कोरल पिशवीत घालण्याआधी: काय पाठवता येतं आणि कसं पाठवायचं

(या भागाचा मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज विषय थोडा ओला आहे. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारला. "माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल मस्त वाढलंय. कोल्हापूरच्या मित्राला त्याचा एक तुकडा द्यायचाय, बदल्यात त्याच्याकडचा घ्यायचाय. पॅक कसं करू?"

प्रश्न चांगला आहे. माझं दिवसाचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे ही देवाणघेवाण मला बॅकअपसारखी वाटते. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. हिटर अडकला, पंप बंद पडला, तर तीन वर्षं वाढवलेली टाकी एका रात्रीत संपते. पण त्यातलाच एक तुकडा कोथरूडला आणि एक कोल्हापूरला जिवंत असेल, तर ते कोरल पुन्हा तुमच्याकडे येऊ शकतं. म्हणून फ्रॅग वाटणं हा नुसता हौसेचा भाग नाही, शहाणपणाचा आहे.

फक्त पॅकिंगच्या आधी एक पायरी आहे. ती चुकली तर पुढचं सगळं बरोबर करूनही उपयोग नाही.

पहिली पायरी: हे कोरल पाठवता येतं का?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. वाघ, बिबट्या ज्या अनुसूची एकमध्ये आहेत, त्याच यादीत 2001 पासून प्रवाळांचे काही गट आहेत. सगळी कठीण प्रवाळं, म्हणजे रीफ बांधणारी. सगळी काळी प्रवाळं. ऑर्गन पाइप कोरल. सगळी फायर कोरल. आणि सगळे समुद्रपंखे, ज्यांना आपण सी फॅन किंवा गॉर्गोनियन म्हणतो.

आता हॉबीच्या भाषेत सांगतो. अ‍ॅक्रोपोरा, माँटिपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन कोरल ही सगळी कठीण प्रवाळं. म्हणजे व्हिडिओत जी बघून आपण या छंदात पडतो, त्यातली बहुतेक या यादीत आहेत. "पण हे परदेशात टाकीत वाढवलेलं आहे" असं दुकानदार सांगतो. यादीत समुद्रातलं आणि टाकीतलं असा फरक केलेला नाही. "मी विकत नाहीये, भेट देतोय" यानेही सुटका होत नाही, कारण अनुसूची एकमधला जीव बाळगणं आणि त्याची वाहतूक करणं याला वनखात्याची परवानगी लागते. गुन्हा सिद्ध झाला तर किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये.

हे नुसतं कागदावर नाही. मुंबईचा कोस्टल रोड आठवा. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या छोट्या छोट्या वसाहती सापडल्या. आकडा किती? 18. हजारो कोटींचा प्रकल्प, आणि या 18 वसाहती हलवायच्या म्हणून महापालिकेला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली नोव्हेंबर 2020 मध्ये त्या हलवल्या गेल्या. मुंबई महापालिकेला जे परवानगीशिवाय करता आलं नाही, ते आपण थर्माकोलच्या डब्यात घालून रात्रीच्या बसने करू शकत नाही. इतकं साधं आहे.

मालवणला स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यांसाठी एक वाक्य. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि कायद्यातलं संरक्षण मेलेल्या पांढऱ्या तुकड्यालाही लागू आहे. आठवण म्हणून फोटो आणा.

मग उरतं काय? बरंच काही. झोअँथिड, म्हणजे आपले 'झोआ'. मशरूम कोरल. लेदर कोरल. झेनिया. हे गट अनुसूची एकच्या त्या यादीत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या याद्यांतही नाहीत. तरी एक सवय लावून घ्या. दुकानातून घेताना बिल घ्या, बिलावर नाव लिहून घ्या, आणि फ्रॅग पुढे देताना त्या बिलाचा फोटो सोबत द्या. आणि जात ओळखता येत नसेल, तर पाठवू नका. शंका असेल तर वनखात्यात विचारा.

आता पुढचं सगळं या मऊ मंडळींबद्दल.

दुसरी पायरी: स्वतःला जपा

झोआ आणि त्याची भावंडं, विशेषतः पॅलिथोआ, यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी ते एक आहे. प्रत्येक झोआत ते असतंच असं नाही, पण बघून कळत नाही.

म्हणून कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. कापल्यावर पिचकारी उडते, ती डोळ्यात जाऊ शकते. स्वयंपाकघरातली सुरी आणि पाट अजिबात नाही. आणि झोआ चिकटलेला दगड साफ करायला कधीही उकळायचा नाही, त्यावर गरम पाणीही ओतायचं नाही. वाफेबरोबर विष श्वासात जाऊन अख्खं घर दवाखान्यात पोचल्याच्या घटना परदेशात झाल्या आहेत. घरात लहान मुलं, मांजर, कुत्रा असेल तर हे काम बाल्कनीत करा.

तिसरी पायरी: पिशवीच्या आत काय चालतं

सीलबंद पिशवी म्हणजे नेटवर्क गेलेला फोन. आत जे आहे त्यावरच भागवायचं. टाकीत फिल्टर असतो, पंप असतो, लाइट असतो. पिशवीत यातलं काहीच नाही, आणि चार गोष्टी एकाच वेळी बिघडत जातात.

एक, ऑक्सिजन. उजेडात कोरलच्या आतली शैवालं ऑक्सिजन बनवतात. डब्यात अंधार असतो, तिथे तीच शैवालं आणि कोरल दोघंही ऑक्सिजन वापरतात.

दोन, कार्बन डायऑक्साइड. तो साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो.

तीन, अमोनिया. चिकट स्राव, मेलेली ऊती, पोटातलं अन्न, सगळं कुजायला लागतं.

चार, तापमान. पुण्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी गाठतो आणि बसच्या डिकीत त्याहून जास्त. डिसेंबरच्या रात्री तोच पारा दहाच्या खाली येतो. कोरलला हवं असतं 24 ते 27 अंश.

चांगलं पॅकिंग या चारही गोष्टी थांबवत नाही. ते फक्त वेळ वाढवून देतं. त्यामुळे पहिला प्रश्न "कशात पॅक करू" हा नाही, "किती तासांचा प्रवास आहे" हा आहे. पुणे-कोल्हापूर साधारण सहा तास. पुणे-नागपूर अख्खी रात्र आणि वर थोडं. दोन्हीसाठी तयारी वेगळी.

चौथी पायरी: प्रत्यक्ष पॅकिंग

तयारी दोन आठवडे आधी सुरू होते. ताजा कापलेला फ्रॅग त्याच दिवशी पाठवायचा नाही. जखम भरू दे, प्लगला नीट चिकटू दे, पुन्हा उघडू दे. ताजी जखम म्हणजे भरपूर स्राव, आणि भरपूर स्राव म्हणजे भरपूर अमोनिया. पाठवायच्या आधीचा एक दिवस खायला घालणं बंद.

पॅक करताना फ्रॅग एका भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात हलकेच हलवून घ्या. सुटा चिकटा निघून जातो. मग पिशवीत टाकीतलं पाणी न घालता नवीन बनवलेलं स्वच्छ खारं पाणी घाला, पण क्षारता टाकीएवढीच. घनता साधारण 1.025.

एका पिशवीत एकच फ्रॅग. दोन जातींची एकमेकांशी रासायनिक भांडणं होतात, आणि एक मेला की दुसराही जातो.

फ्रॅग पिशवीच्या प्लॅस्टिकला घासता कामा नये. एक जुनी युक्ती आहे. थर्माकोलच्या छोट्या तुकड्याला प्लग रबरबँडने बांधा आणि पाण्यात सोडा. थर्माकोल तरंगतो, फ्रॅग खाली उलटा लटकतो. पिशवी कशीही हलली तरी तो पाण्यातच राहतो. हे जमत नसेल तर घट्ट झाकणाची छोटी प्लॅस्टिक डबी घ्या.

पिशवीत निम्मं पाणी, निम्मी हवा. बारा तासांहून मोठा प्रवास असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातून ऑक्सिजन भरून घ्या. तोंड पिळून, दुमडून दोन रबर. मग ही पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत. दोन्हींच्या मध्ये वर्तमानपत्र. एक फुटली तरी दुसरी सांभाळते. पाच मिनिटं टेबलावर आडवी ठेवून बघा. थेंब दिसला तर परत पहिल्यापासून.

आता थर्माकोलचा डबा. मोकळ्या जागेत कागद कोंबा, काहीही हलता कामा नये. उन्हाळ्यात जेलचा बर्फपॅक वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाला आतून चिकटवा. थंड हवा खाली येते, म्हणून तो वर. पिशवीला थेट लागू देऊ नका. हिवाळ्यात पुण्याहून कोल्हापूरला साधा बंद डबा पुरतो. नाशिककडे जाणार असेल आणि हीटपॅक वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तो हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. त्यामुळे हीटपॅक असलेला डबा पूर्ण हवाबंद केला तर तो मध्येच थंड पडतो. झाकणाला एक छोटं भोक ठेवा.

पाचवी पायरी: पाठवायचं कसं

सगळ्यात उत्तम म्हणजे हातोहात. कोणी ओळखीचं त्या गावाला चाललंय का बघा. शनिवारी घरी जाणारा रूममेट हे जगातलं सगळ्यात भरवशाचं कुरिअर आहे.

अनेक कुरिअर कंपन्या जिवंत प्राणी घेत नाहीत. मग काही लोक डब्यावर "प्लॅस्टिक वस्तू" लिहून देतात. हे करू नका. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे तो डबा मग प्लॅस्टिकसारखाच आपटला जातो, गोदामात दोन दिवस पडून राहतो. बुकिंगच्या आधी सरळ विचारा. ट्रॅव्हल्सने पाठवत असाल तर रात्रीची गाडी निवडा, डबा डिकीत न ठेवता आत ठेवतील का विचारा, आणि गाडी नंबर, ड्रायव्हरचा फोन, पोचायची वेळ समोरच्याला लगेच कळवा. शनिवारी रात्री पाठवून रविवारी पार्सल ऑफिस बंद निघालं, असं नको.

डब्यावर मोठ्या अक्षरात: जिवंत जलचर, ही बाजू वर, उन्हात ठेवू नये. आत एक चिठ्ठी: कोरलचं नाव, पॅक केल्याची वेळ, पाण्याची क्षारता, तापमान, टाकीत उजेड कमी होता की जास्त.

सहावी पायरी: घेणाऱ्याचं काम

इथे बहुतेक लोक एक गोष्ट उलटी करतात. पिशवी उघडतात आणि प्रेमाने एक-दीड तास थेंब थेंब टाकीतलं पाणी आत सोडत बसतात. मोठ्या प्रवासानंतर हे धोक्याचं आहे.

का ते सांगतो. बंद पिशवीत पीएच खाली आलेला असतो. कमी पीएचमध्ये अमोनियाचा बराच भाग अमोनियम या कमी विषारी रूपात असतो. पीएच एकाने घसरला, तर विषारी रूप साधारण दहापट कमी होतं. म्हणजे त्या घाण पाण्यातही कोरल तगून असतं. तुम्ही पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो, आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी होतो. त्याच पाण्यात तासभर ठेवलं की झालं.

म्हणून क्रम असा. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगवा, तापमान जुळू दे. मग उघडा, क्षारता मोजा. चिठ्ठीतल्या आणि तुमच्या टाकीच्या क्षारतेत फार फरक नसेल तर कोरल लगेच बाहेर काढा. फरक असेल तर पिशवीएवढ्या क्षारतेचं स्वच्छ पाणी वेगळ्या भांड्यात तयार ठेवा, आणि जुळवाजुळव त्यात करा. नंतर कोरलसाठी मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणात, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, डिप करा. चपटे किडे, झोआ खाणाऱ्या छोट्या गोगलगायी असे फुकट पाहुणे इथेच अडवायचे. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिले तीन-चार दिवस खाली, कमी उजेडात. झोआ दोन दिवस मिटून बसला तर घाबरू नका, सारखा हात लावू नका.

आणि काहीही झालं तरी नको असलेलं कोरल किंवा डिपचं पाणी नदी-समुद्रात सोडू नका.

शेवटचं

देवाणघेवाण सुरू करण्याआधी दोघांनी चार गोष्टी लिहून ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. प्रवासाचा खर्च कोणाचा. पोचल्यावर किती वेळात फोटो पाठवायचा. मेलेलं पोचलं तर पुन्हा पाठवायचं का. आणि थर्माकोलचा डबा परत कोण आणणार. हे आधी ठरलं की मैत्री टिकते.

आणि कोणी प्रेमाने हॅमर किंवा अ‍ॅक्रोपोरा देऊ केला तर नाही म्हणा, आणि का ते त्यालाही सांगा. अनेकांना खरंच माहीत नसतं. हा छंद पुण्यात अजून लहान आहे. पार्सल ऑफिसात उघडलेला एक चुकीचा डबा नियम पाळणाऱ्या सगळ्यांच्या वाटेत येईल. त्यापेक्षा दहा रुपयांच्या आकाराचा एक झोआ, नीट पॅक केलेला, बिलासकट, कोल्हापुरात सकाळी उघडला, तर त्याची मजा जास्त आहे.

तुम्ही मासे, झिंगे, पाणवनस्पती पाठवत असाल तर तुमच्या पद्धती व्हॉइस नोटमध्ये सांगा, पुढे कधीतरी त्या ऐकवू. हा भाग त्या मित्राला पाठवा, जो आत्ता थर्माकोलचा डबा शोधतोय. भेटू पुढच्या भागात!