रॅक बनवायचाय? आधी आपला मे महिना आठवा

आज लाकूड, प्लास्टिक आणि साप. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, बॉल पायथनसाठी घरी रॅक बनवायचा तर कशाचा बनवू?

आधी कायद्याचं, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. धामण, नाग, आपला अजगर, यातलं काहीही घरी पाळायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. 'शेतात सापडला, दोन दिवस ठेवला' हेही नको, वनविभागाला फोन करा. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण तोही 'साइट्स'च्या यादीत आहे. २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसेल तर रॅकही नको, सापही नको.

आता मटेरियल. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले. त्यांना घर गरम कसं ठेवायचं हा प्रश्न. मी बोलतोय आंबागडमधून, तुमसर तालुका, किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि जानेवारीत पहाटे दात वाजतात. बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूला २५ ते २७ लागतं. म्हणजे आपला रॅक हिवाळ्यात हीटर हवा आणि उन्हाळ्यात माठ!

सगळ्यात स्वस्त म्हणजे एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड. माझं मत स्पष्ट आहे, नको. कारण आपला कूलर. विदर्भात एप्रिल ते जून कूलर बंद होत नाही, त्याची ओल खोलीभर फिरते. एमडीएफची कड एकदा पाणी प्यायली की पावासारखी फुगते. मग टब अडकतो, किंवा वर फट पडते. बिनझाकणाच्या रॅकमध्ये टबाची कड आणि वरची फळी यात दोन-तीन मिलिमीटरच जागा असते, तेच त्याचं झाकण. फट वाढली की साप बाहेर.

प्लाय घ्यायचा तर दुकानदार आधी एमआर दाखवेल. तो दमटपणा सोसतो, पाणी नाही. बीडब्ल्यूपी मागा, त्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. जड आहे, महाग आहे, पण टिकतो. पाइन आणि देवदार टाळा. त्या लाकडांचा वास आपल्याला छान वाटतो, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या श्वासाला त्रास देतो.

माझा कौल १८ मिलिमीटरच्या पीव्हीसी फोम बोर्डाला. उधई लागत नाही, ओल चढत नाही, पुसला की साफ. आमचे सुतारकाका म्हणाले, "भाऊ, किचनच्या ट्रॉलीचा माल सापाले कायले लावून रायला?" पण कापून त्यांनीच दिला, एकदम काटकोनात. दोन गोष्टी सांभाळा. स्क्रूआधी बारीक भोक पाडा, नाहीतर पकड सुटते. आणि लांब फळीला मधे आधार द्या, ती वाकते. सांध्याला सिलिकॉन लावलं तर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

टब पॉलिप्रॉपिलीनचा, तळाला त्रिकोणात ५ आकडा बघा. हवेची भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडा, पण आतून बाहेर. म्हणजे वितळलेली धारदार कड बाहेर येते, सापाचं नाक सोलत नाही.

आता खरी भीती. हीट टेप थर्मोस्टॅटशिवाय कधीच नाही. अंडी उबवण्याच्या मशीनला लावतात तो एसटीसी-१००० स्वस्तात मिळतो, पण त्यातला रिले कधी 'चालू'वरच चिकटू शकतो. आम्ही कोड लिहितो तेव्हा विचारतो, हे बिघडलं तर कोणत्या बाजूला बिघडेल? इथे उत्तर आहे, साप भाजण्याच्या बाजूला. म्हणून मालिकेत दुसरा थर्मोस्टॅट लावा, ३५ ला तोडणारा. आणि एप्रिल लागला की टेपचा प्लग काढून ठेवा, मी तसंच करतो.

दुपारी तीनला लाइट गेली तर? फोम बोर्ड उष्णता धरून ठेवतो, हा त्याचा तोटा. तेव्हा टब काढून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत जमिनीवर. लपायला मी कुंभाराकडचं छोटं मडकं उपडं ठेवतो, तोंडाची कड घासून, बाहेरून ओलं करून. ही काही माझी आयडिया नाही. तमिळनाडूतली इरुला सहकारी संस्था विष काढण्यासाठी पकडलेले साप मातीच्या मडक्यांतच ठेवते, तोंडाला सुती कापड बांधून.

एक वादाचा मुद्दा आहे, तोही बोलून टाकतो. रॅक पिल्लांना, आजारी किंवा नव्या सापाला ठीक. चार फुटी मोठ्या सापाला आयुष्यभर टबात ठेवणं मला पटत नाही, त्याला अंग सरळ पसरता यायला हवं. त्याच बोर्डाचा चार फुटी बॉक्स बनतो, समोर सरकती काच लावायची.

आणि साप आत टाकण्याआधी रॅक आठवडाभर रिकामा चालवा. पहाटे पाचचं आणि दुपारी चारचं तापमान वहीत लिहा. आकडे व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडला त्यावरच बोलू.