मान आणि नजर
(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी पस्तिशीत इथे राहायला आलेली मंडळी आज साठीत आहेत. या वयात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात : मान धरते आणि अंधुक दिसतं. मग आपणच निदान करतो, "स्पॉन्डिलायटिस आहे ना, त्यामुळेच दिसत नाही." हे कितपत खरं?

संबंध आहे. मानेत ७ मणके असतात. वरच्या ६ मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. नजरेचं केंद्र तिथेच आहे. हा रक्तपुरवठा कमी पडला तर दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी येते, एकाचे दोन दिसतात, चक्कर येते. हाड वाढल्यामुळे मान वळवताना ही वाहिनी दबू शकते, पण क्वचितच. मानदुखीत डोळ्यामागे ठणकतं, ते मात्र नेहमीचं. कारण मानेच्या आणि डोळ्याभोवतीच्या वेदना वाहणाऱ्या नसा आत एकाच ठिकाणी पोचतात. त्यात नजर शाबूत असते.

उलटा संबंधही पाहा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून कॉम्प्युटर बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान आखडते. अशांनी स्क्रीन थोडा खाली घ्यावा किंवा कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करावा.

म्हणून नजर हळूहळू कमी होत असेल, तर मानेवर खापर फोडण्याआधी डोळे तपासा. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम, हीच कारणं जास्त आढळतात. काचबिंदू बहुधा दुखत नाही. कडेची नजर गुपचूप खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. मानेला पट्टा लावून वर्ष काढलंत, तर तेवढी नजर गेली म्हणून समजा!

शेवटी दोन विनंत्या. सलूनमध्ये चंपीनंतर कडकन मान मोडून घेऊ नका; त्या झटक्याने रक्तवाहिनीला आतून इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. आणि अचानक एकाचे दोन दिसले, बोबडी वळली, तोल गेला, किंवा मान दुखून एक पापणी खाली आली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, शेजारचं दार वाजवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी संकोच नको. शेजार असतो तो त्यासाठीच.