घरातील फोन कोणाच्या हाती?



१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गावांना खेटून नवी मुंबई उभी राहिली. आज ऐरोली, महापे येथे लोकांची माहिती साठविणारी प्रचंड संगणककेंद्रे अहोरात्र चालू असतात. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा बोलबाला आहे, तिला अशाच केंद्रांचा आधार लागतो. परंतु केंद्र अंगणाशी आले म्हणजे विद्या घरात आली, असे नव्हे. मुलींच्या बाबतीत तर नव्हेच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ३८ टक्के स्त्रियांनीच इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांहून अधिक होते. तेही ‘कधी तरी’ वापरलेले, नित्य नव्हे. २०२० साली शाळा बंद होऊन पाठ फोनवर आले, तेव्हा घरोघरच्या फोनची मोजदाद झाली. पण वडिलांबरोबर कामावर जाणारा आणि सायंकाळी भावाच्या हाती पडणारा फोन बहिणीकडे भांडी आटोपल्यावरच येतो, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

पालकांना भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा अक्षरांचीही भीती घातली जात होतीच. सायबर गुन्ह्यात पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, हे पालकसभेत आयांनाही सांगावे. त्यांच्याच हाताने तो क्रमांक जुळवून घ्यावा.

यंत्र शिकते ते माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही. मराठीत डॉक्टर ‘आला’ की ‘आली’, हे ठरवावेच लागते. अशा वेळी भाषांतरयंत्रे डॉक्टरास पुरुष आणि परिचारिकेस स्त्री करून मोकळी होतात, असे वारंवार आढळले आहे. यंत्राच्या ठायी द्वेष नाही. वाचलेल्या मजकुरात जे अधिक वेळा आले, तेच ते पुढे करते. ज्यांच्या हाती साधनच नाही, त्यांचे लेखन त्यात कोठून येणार?

शाळेतील संगणकापुढे बहुधा मुलगा बसतो, मुलगी शेजारून पाहते आणि गटकार्य झाल्याची नोंद होते. बसण्याची पाळी वहीत नावानिशी लिहावी. ‘घरी फोन आहे काय’ याबरोबरच ‘काल तुझ्या हाती किती वेळ होता’ हेही विचारावे. आणि यंत्राने केलेले एखादे भाषांतर फळ्यावर लिहून, त्यातील ‘आला’ का आला, हे सहावी-सातवीच्या मुलामुलींनाच शोधावयास सांगावे.