मुक्कामाची जागा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मुक्कामाची जागा’ असे सांगितले. पत्रिकेत ते वाचून काहींना हा कीर्तनाचा विषय वाटला असेल. तो सहलीचा विषय आहे. परीक्षा संपत आल्या आहेत आणि शहापूर-मुरबाडची पुष्कळ मंडळी लवकरच गाडी ठरवून समुद्राकडे निघतील. आमच्या युनियनची सहलही दरवर्षी किनाऱ्याच्या रस्त्याने जाते. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, मग आगरदांड्याला गाडीसकट तरीत चढून दिघी, आणि पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. लॉजचे भाडे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून तंबू, ताडपत्र्या आणि डेगी बरोबर असतात. दुपारचे चार वाजले की गाडीत एकच वाद सुरू होतो : आज तळ कोठे टाकायचा?

चार वाजता एवढ्यासाठी की, जागा उजेडी निवडावी लागते. अंधारात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. आम्ही शाळा फारशी शिकलेलो नाही. पण या वादांतून आमच्या मंडळींनी जे पाच प्रश्न ठरवले आहेत, ते कोणत्याही पुस्तकात शोभतील. ते आधी सांगतो.

पहिला प्रश्न पाण्याचा. समुद्रकाठी चोहीकडे पाणी आणि पिण्याला थेंब नाही, हे शहरच्या माणसाला उशिरा कळते. गोड्या पाण्याची विहीर किंवा नळ चालत जाण्याच्या अंतरावर हवा, आणि त्यातले पाणी गावाला पुरून उरणारे हवे. उन्हाळ्यात कोकणातल्या विहिरी तळ गाठतात. चाळीस माणसांनी एका रात्रीत गावाची विहीर उपसली, तर आपण पाहुणे नव्हे, टोळधाड ठरतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा. भरतीची रेषा वाळूवर लिहिलेली असते. शिंपले, काटक्या, शेवाळ यांची जी ओळ दिसते, तेथवर पाणी आलेले असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते त्याहूनही वर येते. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हिशेब ढोबळ आहे, पण घड्याळाइतकाच उपयोगी. वाळूवर जेथे मर्यादावेल पसरलेली दिसते, तेथून वर जमीन स्थिर होऊ लागते. तिचे नावच तिचे काम सांगते. त्या वेलीवर गाडी घालू नये, कारण वाळू धरून ठेवणारी तीच आहे. माडाखाली तंबू ठोकू नये, नारळ नोटीस देऊन पडत नाही. सुरूच्या बनात सावली छान, पण खाली वाळक्या पानांचा थर असतो. तेथे चूल मांडणे म्हणजे बन पेटवणे.

तिसरा प्रश्न धन्याचा. ही जागा कोणाची? मोकळी दिसणारी जमीन कोणाची तरी असते. वाडी असेल तर मालकाला विचारावे, गावठाण असेल तर ग्रामपंचायतीला, आणि कोळीवाड्याजवळ जाळी वा मासळी वाळत घालण्याची जागा असेल तर तिला हात लावू नये. विचारल्याने एक फायदा असा की, गाव आपल्याला ओळखते, आणि ओळखलेल्या माणसाला गाव रात्री सांभाळते. खाडीच्या मुखाशी पोहू नका, तेथे ओढ आहे, हे आम्हांला पाटीने नव्हे, एका कोळीणबाईंनी सांगितले.

चौथा प्रश्न आडोशाचा. तो पूर्वी कोणी विचारीत नसे, कारण जागा पुरुष निवडत. हल्ली आमच्या सहलीत कामगार भगिनी असतात आणि त्या गाडीतून उतरताच पहिल्यांदा संडास पाहतात. तेथवर उजेड आहे का, दाराला कडी आहे का, एवढे पाहून मगच त्या बोचकी उतरवतात. त्यांनी नाकारलेली जागा आम्ही पुन्हा पाहात नाही.

पाचवा प्रश्न वाटेचा. रात्री कोणाला विंचू चावला, मूल तापाने फणफणले, तर गाडी बाहेर काढता येईल का? दवाखाना किती दूर? आणि जागा पसंत नसली, तर उठून पुढे जाता येईल का? हा शेवटचा भाग ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

हे प्रश्न नवे नाहीत. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळी खोदलेली लेणी आहेत. राणी नागनिकेचा शिलालेख तेथेच आहे. तो पाहायला विद्वान येतात. आमच्यासारख्याचे लक्ष मात्र पाण्याच्या टाक्यांकडे जाते. त्या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, आणि एक पोढी सोपाऱ्याच्या एका गृहस्थाने दान दिल्याची नोंद तेथे कोरलेली आहे. समुद्रकाठच्या माणसाने घाटमाथ्यावर पाणी खोदून ठेवले, तेही अनोळखी वाटसरूंसाठी. मुक्कामाची सोय ही वाटसरूची एकट्याची जबाबदारी नाही, ज्यांचा त्या वाटेवर व्यापार चालतो त्यांचीही आहे, एवढा अर्थ तर आम्हांला त्या दगडातून कळतो.

दुसरे शिक्षक आमचे धनगर. पाऊस सरला की ते मेंढरे घेऊन माळशेजसारख्या घाटांनी खाली कोकणात उतरतात आणि वळवाच्या आत परत वर जातात. वाडा कोठे बसवायचा हे ते वारा, पाणी आणि उतार पाहून ठरवतात. आणि शेतकरी त्यांना बोलावून नेतो, कारण मेंढरे रात्री शेतात बसली की लेंडीखत मिळते. त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. धनगराजवळ घर नाही, पण बोली करण्याची ताकद आहे. भाव जमला नाही तर तो मेंढरे उठवतो आणि पुढच्या शेतात जातो.

आता याच तालुक्यांतल्या तिसऱ्या मुक्कामाकडे येऊ. शहापूरची भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. पाण्याच्या याच वाटेने दिवाळीनंतर आमच्या वाड्या-पाड्यांतली कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर उतरतात. तीही नदीकाठी, खाडीकाठी मुक्काम करतात. फरक एवढाच की, आपला मुक्काम तीन रात्रींचा, त्यांचा सहा-सात महिन्यांचा. कच्च्या विटा रचून, वर पेंढा नाही तर प्लॅस्टिक टाकून केलेल्या त्यांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. आत वाकून शिरावे लागते.

आता आपलेच पाच प्रश्न त्या भोंग्याच्या दारात उभे राहून विचारा. पाणी? पुष्कळ ठिकाणी विटांच्या मातीला लागते तेच माणसांना. ज्यांच्या तालुक्यातून १८९२ सालच्या तानसा धरणाचे आणि नंतर भातसाचे पाणी मुंबईला गेले, त्यांच्या वाट्याला हे यावे! जमीन? भट्टीच्या धुराच्या अंगाला, मातीच्या खड्ड्याशेजारी. धनी? धनी आहे, पण त्याला विचारायचे नसते, त्याचे ऐकायचे असते. आडोसा? बायका पहाटे अंधारात उठतात, यात उत्तर आले. वाट? येथेच सारी गोम आहे. या माणसांनी पावसाळ्यात, घरातले धान्य संपले तेव्हा, बयाणा घेतलेला असतो. आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब हंगाम संपताना होतो. भाव हजार विटांमागे. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर पुष्कळदा त्यांची मजुरीही विरघळते. बयाणा फिटेपर्यंत उठून पुढे जाता येत नाही. धनगर मेंढरे उठवतो, आपण तंबू उठवतो. ज्याचे अंग आगाऊ विकले गेले आहे तो काय उठवणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की, मुक्काम निवडता येणे ही चैन नव्हे, स्वातंत्र्याची खूण आहे.

कायदा नाही काय? आहे. १९७६ च्या वेठबिगारमुक्तीच्या कायद्याने कर्जाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे गुन्हा ठरले. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. शहापूरहून भिवंडीला जाणारा माणूस जिल्ह्याचीदेखील सीमा ओलांडत नाही. घर मात्र पुरते सुटते आणि मुलांची शाळाही सुटते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या. मजुराच्या तळावर शाळा येऊ शकते, तर नळ आणि संडास का येऊ नये?

कोणी म्हणेल, भट्टीवाल्याला हे परवडणार नाही, वीट महागेल. भट्टीवाले सगळेच दुष्ट आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांपैकी काही स्वतः कर्जात बुडालेले आहेत. पण हिशेब करा. एका भट्टीवरची चार संडासांची ओळ, पाण्याची टाकी, भोंग्यांसाठी उंचवट्यावरची जागा आणि दर आठवड्याला आकडा चढवलेली हिशेबाची वही, हा खर्च एका हंगामातल्या लाखो विटांवर वाटला, तर दर विटेमागे किती येईल? वहीला तर कागदापलीकडे खर्चच नाही, आणि म्हणूनच बहुधा तिलाच सर्वांत जास्त विरोध होतो.

या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी घरे बांधली आहेत, काही बांधणार आहेत. वीट घेताना तुम्ही ती वाजवून पाहता, चांगली भाजली आहे की नाही ते बघता. त्याच वेळी एक प्रश्न जास्त विचारा : ही पाडणारी माणसे राहतात कोठे, आणि त्यांच्या हिशेबाची वही आहे का? मोर्चे काढून आम्ही जे मागतो, ते गिऱ्हाइकाने विचारले तर शेठच्या कानात लवकर शिरते.

सहलीला अवश्य जा. जागा उजेडी निवडा, चूल पाण्याने विझवा, कचरा गाडीत भरून आणा. जाताना भिवंडी-कल्याणकडचा रस्ता लागला, तर भट्ट्यांचा धूर अजून दिसेल, कारण त्यांचा हंगाम पावसापर्यंत संपत नाही. खाली उतरून पाच प्रश्न विचारायला अर्धा तास पुरतो. उत्तरे आमच्या कचेरीत आणून द्या. पुढचे काम आम्ही करू.