शुगर नसताना शुगरची गोळी?
वसमत, सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या मैत्रिणींनो, पाळी अनियमित, दिवस राहत नाहीत, तपासणीत पीसीओएस हा अंडाशयाचा, संप्रेरकांचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली. “मला तर शुगर नाही!” असं वाटलं, तरी घाबरू नका. या त्रासात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. रक्तात इन्सुलिन वाढतं, त्यासोबत पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. मेटफॉर्मिन हा गुंता सैल करते. पण अमेरिकेत पीसीओएसमुळे दिवस न राहणाऱ्या ६२६ स्त्रियांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकट्या मेटफॉर्मिनने सुमारे ७ टक्के, तर स्त्रीबीज बाहेर पडायला मदत करणाऱ्या क्लोमिफेन या गोळीने २२ टक्के स्त्रियांना मूल झालं. आज त्यासाठी बहुधा लेट्रोझोल ही गोळी आधी देतात. मळमळ कमी व्हावी म्हणून मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्या. दिवस राहिले, तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.