साबण कुठे जात होता?

आमच्या वसतिगृहात धुण्याच्या वड्या महिना भरायच्या आत संपत. "उधळता तुम्ही!" म्हणून मी मुलींवर रागावले. एका शनिवारी मीच धुवायला बसले. बोअरच्या पाण्याला फेसच येईना, वर नुसता पांढरा चिकट थर. पाणी जड, निम्मा साबण तेच खात होतं. आता बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवतो आणि मगच साबण लावतो. (लोकरी-रेशमी कपड्यांना सोडा नको.) पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरतो, त्यात थोडाही साबण छान फेसाळतो. तुमच्याकडे बोअर असेल तर घरी करून पाहा. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी मुलींची माफी मागितली. धाकटी म्हणाली, "ताई, पाण्याचं आम्ही तेव्हाच सांगत होतो."