संगणकाची न सांपडणारी साधनें

संगणकावरील कांहीं कामें चित्रांवर टिचकी न मारतां काळ्या खिडकींत शब्द टंकून केलीं जातात. विंडोजमध्यें या खिडकीस कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. एखादा विद्यार्थी पायथन ही संगणकभाषा शिकावयास घेतो, खिडकींत तिचें नांव टंकतो, आणि उत्तर येतें कीं ही आज्ञा ओळखीची नाहीं. तो बिचारा सर्व कांहीं काढून पुन्हां बसवितो, उत्तर तेंच. दोन दिवस असे गेले कीं ही विद्या आपल्या आवांक्याबाहेरची आहे असा त्याचा ग्रह होतो, आणि ती सुरू होण्यापूर्वींच सुटते.

वस्तुतः साधन संगणकांत असूनहि असें उत्तर येऊं शकतें. कमांड प्रॉम्प्ट प्रथम चालू फोल्डर पाहतो आणि नंतर ‘पाथ’ नांवाच्या यादींतील फोल्डर क्रमानें धुंडाळतो. त्यापलीकडे तो जात नाहीं. ही यादी १९८३ सालच्या एमएस-डॉस २.० पासून चालत आलेली आहे. पायथनच्या परंपरागत स्थापनेंत या यादींत भर घालण्याच्या चौकोनावर खूण आधींपासून केलेली नसते, आणि घाईंत ती करावयाची राहून जाते.

परीक्षा सोपी आहे. ‘व्हेअर’ ही आज्ञा टंकून पुढें साधनाचें नांव द्यावें. तें जेथें जेथें सांपडेल ते पत्ते क्रमानें दिसतात. एकहि पत्ता न दिसल्यास साधनाचा संपूर्ण पत्ता टंकून पाहावा. तेवढ्यानें तें चालूं लागलें, तर दोष यादींतच आहे. पहिला पत्ता ‘विंडोजअ‍ॅप्स’ या फोल्डरांतील असेल, तर ती बहुधा २०१९ सालापासून विंडोज १० मध्यें ठेवलेली, दुकानाकडे नेणारी पाटी असते. सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन एलियासेस’ या सदरांत ती बंद करतां येते.

यादी दुरुस्त करण्यापूर्वीं तिची नक्कल अवश्य उतरून ठेवावी. ‘सेटएक्स’ या आज्ञेनें ती बदलूं गेल्यास १,०२४ अक्षरांपुढील भाग कापला जातो, आणि आजवर चालणारीं इतर साधनेंहि बंद पडतात. यास्तव ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ या चौकटींत जाऊन हवा तो फोल्डर जोडणें श्रेयस्कर. त्यानंतर जुनी खिडकी मिटून नवी उघडावी, कारण जुन्या खिडकीपाशीं जुनीच यादी असते.

एवढें केल्यावर पुन्हां नांव टंकावें. बहुतेक वेळां नवें कांहीं बसविण्याची गरजच उरत नाहीं, आणि विद्यार्थ्यास आपल्या पहिल्या पाठाकडे वळतां येतें.